चार बोटांचं अंतर

वेधशाळेत छत्तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईने एकदाही दुर्बिणीला डोळा लावला नाही, हे कुणाला सांगून खरं वाटत नाही. ठिपकेबाईंच्या बाबतीत मात्र ते खरं होतं. सकाळी साडेनऊला त्या येत, खुर्चीवरची उशी झटकत, चष्मा पदराला पुसत, आणि साडेपाचला रिकामा डबा पिशवीत टाकून घरी जात. रात्री नऊनंतर त्यांना जागं ठेवणं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं. एवढ्या वर्षांत आकाश बघायचं राहूनच गेलं की हो, असं कुणी म्हणालं तर त्या म्हणत, दिवसभर तेच बघते, घरी गेल्यावर मला जरा भिंत बघू द्या.

ठिपकेबाई हे त्यांचं नाव नव्हे, कामाचं वर्णन होतं. अवकाशात फिरणाऱ्या एका दुर्बिणीने काढलेली छायाचित्रं त्यांच्या खोलीत येत. छायाचित्रं एकाच तारकागुच्छाची, पण काही वर्षांच्या अंतराने काढलेली. गुच्छातले लाखो तारे एकत्र जन्मलेले, सूर्याच्या अडीचपट वयाचे, आणि सगळे मिळून एका दिशेने चाललेले. म्हणजे दोन छायाचित्रं एकावर एक ठेवली, की जो ठिपका गुच्छासोबत सरकला तो घरचा, आणि जो जागच्या जागी राहिला तो मागचा कुणीतरी परका. संगणक संशयित ठिपके काढून देई, आणि त्यांचा निवाडा ठिपकेबाई करत. प्रत्येक ठिपका टपाल तिकिटाएवढ्या चौकोनात, एकटा, पडद्यावर यायचा. त्या बघायच्या आणि तीनपैकी एक कळ दाबायच्या: खरा, खोटा किंवा शंका. संगणकाला जे ठिपके तारे वाटत, त्यांतले निम्मे नुसता केरकचरा असत. कुठे एखादा भरकटलेला कण कॅमेऱ्यावर आपटलेला असे, तर कुठे शेजारच्या तेजस्वी ताऱ्याची किरणं सांडलेली असत. बाईंना ते लांबूनच ओळखू येई. कसं, ते मात्र त्यांना सांगता येत नसे. विभागप्रमुखांनी एकदा त्यांना याची नियमावली लिहून द्यायला सांगितलं, तेव्हा दोन दिवस विचार करून त्यांनी एकच ओळ लिहिली: "कचरा जरा आगाऊ दिसतो." विभागप्रमुखांनी पुन्हा काही मागितलं नाही.

त्या खोलीत आणखी एक रीत होती, आणि पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. तपासणाऱ्याची नजर शाबूत आहे का, हे कळावं म्हणून छायाचित्रात मुद्दाम खोटे तारे लावत. अगदी मंद, खऱ्यासारखे हुबेहूब, आणि दोन्ही छायाचित्रांत गुच्छाबरोबर सरकलेले. दहा लावले आणि सात सापडले, तर खऱ्यांतलेही दहात तीन निसटत असणार, असा साधा हिशेब. पण खोटे कुठले आणि खरे कुठले याचा घोळ झाला तर सगळंच मुसळ केरात. म्हणून अशा छायाचित्राच्या नावाआधी 'खोटं' असा शब्द जोडायचा, आणि कपाटातल्या जाड वहीत नोंद करायची. तारीख, कुठलं छायाचित्र, किती लावले, कुणी लावले, कशासाठी, असे पाच रकाने. सगळे तिला खोट्यांची वही म्हणत. नोंदी बहुतेक बाईंच्याच हातच्या, ठळक आणि सरळ. छत्तीस वर्षांत त्यांनी एकच नोंद चुकवली होती.

बाईंचे यजमान शिंपी होते. दोन खोल्यांच्या घरातली पुढची खोली त्यांचं दुकान. पाय मारायचं शिलाई मशीन, कापडाचे तुकडे, भिंतीवर खडूने लिहिलेली गिऱ्हाइकांची मापं. संध्याकाळी चहा झाला, की बाई काजं-बटणं करायला बसायच्या. त्यांनी टेप कधी वापरली नाही. डाव्या हाताची चार बोटं कापडावर आडवी ठेवायची, तिथे बटण. पुन्हा चार बोटं, पुन्हा बटण. यजमान गमतीने खडूची खूण करून ताडून बघायचे, आणि सुतभरही फरक निघाला नाही की खोटं खोटं चिडायचे. हाताला वळण लागलं, की ते सुटत नाही. बाईंचा हात भाजी चिरताना, रांगोळीचे ठिपके काढताना, कपडे वाळत घालतानाही तेवढंच अंतर सोडायचा.

यजमानांना बायकोच्या कामाचं भारी कुतूहल. एकदा बाईंनी त्यांना तपकिरी बटूंची गोष्ट सांगितली. गुच्छातले मोठे तारे केव्हाच जळून गेले. जे लहान होते ते कंजूष, इतकं जपून जळतात की अजून टिकून आहेत. आणि त्यांच्याहीपेक्षा लहान काही असे आहेत, की ते तारा व्हायला निघाले खरे, पण वजन कमी पडलं आणि कधी पेटलेच नाहीत. त्यांनाच म्हणतात तपकिरी बटू. जन्मताना जी ऊब मिळाली तेवढ्यावर ते दिसतात, आणि हळूहळू निवत जातात.

यजमान हातातली पँट बाजूला ठेवून म्हणाले, "म्हणजे तार काढलेली इस्त्री. बंद केली तरी तिच्यावर दोन-तीन रुमाल निघतात."

बाईंनी ते दुसऱ्या दिवशी कचेरीत सांगितलं. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पण घरी तो शब्द राहिला. कुणी दमून बसलं की दुसरं विचारायचं, तार काढलीय का.

यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. दुपारी मशीनवर बसले होते, छातीत दुखतंय म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. बाईंना मूलबाळ नव्हतं. नातेवाईक आले, आठ दिवस राहिले, गेले. नवव्या दिवशी सकाळी घरात त्या आणि मशीन, दोघंच उरली. मशीनमध्ये एक बाही अर्धी शिवून तशीच राहिलेली. बाईंनी डबाही भरला नाही, पिशवी उचलली आणि कचेरी गाठली. विभागप्रमुख म्हणाले, अहो, इतक्या लवकर कशाला आलात. बाई म्हणाल्या, डोकं लागणार नाही असं काहीतरी काम द्या. त्या दिवशी त्यांनी काय केलं, ते त्यांनाही नंतर नीट आठवत नसे. पडद्यासमोर बसल्या होत्या, हात चालू होते आणि दिवस गेला, एवढंच.

मग वर्षभराने त्यांच्या शेजारच्या टेबलावर धांदल आली. हेही नाव नव्हे. ही मुलगी नुकतीच पीएचडी होऊन वेधशाळेत संशोधनाला लागली होती, आणि तिचं सगळंच घाईचं. चालताना टेबलांचे कोपरे लागायचे, चहा सांडायचा, वाक्य अर्धं असतानाच पुढचं सुरू व्हायचं. पहिल्या दिवशी तिने बाईंच्या उशीवर शाई सांडली आणि रडवेली होऊन "मावशी, मावशी" करत ती नळाखाली धुतली. तेव्हापासून त्या तिच्या मावशी. महिन्याभरात बाई दोन माणसांचा डबा आणू लागल्या. धांदलीच्या कोटाचं बटण कायम तुटलेलं असे, ते बाई जेवणाच्या सुट्टीत लावून देत. पोटचं कुणी नव्हतं त्यांना, पण या पोरीचा कोट थंडीत उघडा राहिलेला त्यांना चालत नसे.

धांदलीचा सगळा जीव त्या न पेटलेल्यांत अडकला होता. ती बाईंना समजावून सांगायची. तेजानुसार सगळ्यांना वरपासून खालपर्यंत मांडलं, की एका बाजूला मिणमिणत का होईना, जळणारे तारे. ते आहेत तिथेच राहतात. दुसऱ्या बाजूला निवत चाललेले बटू, ते आणखी आणखी मंद होत खाली घसरतात. म्हणून गुच्छ जितका जुना, तितकी दोघांच्या मधली जागा रिकामी. ती जागा बरेच जण बघतात. पण तिच्या पलीकडचे, अंधारातले, या गुच्छात अजून कुणी दाखवले नव्हते. ते दाखवायचे, हा तिचा ध्यास. आणि ते दाखवले नाहीत तर काय, तेही उघड होतं. तिची मुदत वर्षअखेरीला संपत होती. कायमची एकच जागा निघाली होती, त्या जागेसाठी निवड समितीपुढे व्याख्यान द्यायचं होतं. जागा मिळाली नाही तर गावी परत. तिथे वडिलांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं आणि गल्ल्यावर तिच्यासाठी खुर्ची तयार होती. वडील वाईट नव्हते, पण दर फोनला त्या खुर्चीची आठवण करून द्यायचे.

व्याख्यानाच्या महिनाभर आधी तिला अकरा ठिपके सापडले. जुन्या साठ्यातून तिने छायाचित्रांची एक जोडी शोधून काढली होती, इतर कुठल्याही जोडीपेक्षा स्वच्छ. संगणकाने पलीकडच्या बाजूचे अकरा काढून दिले आणि ते बाईंपुढे आले, नेहमीसारखे एकेकटे, टपाल तिकिटाएवढ्या चौकोनात. बाईंनी दहांना बेधडक 'खरा' म्हटलं. इतके गोल, इतके नीटनेटके ठिपके त्यांनी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते. अकरावा तेवढा जरा ओबडधोबड, एका बाजूने विरलेला. त्याला त्यांनी 'शंका' दिली. धांदलीने तो तरीही धरला, कारण तो गुच्छासोबत बरोबर सरकत होता. वडिलांना फोन झाला. विभागप्रमुखांनी तिला स्वतःच्या पैशाने चहा पाजला, जे वेधशाळेच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं असावं.

व्याख्यान गुरुवारी होतं. सोमवारी दुपारी धांदलीने मोठं छापील चित्र आणून भिंतीला लावलं. त्यावर सगळा गुच्छ होता आणि अकरा ठिपक्यांभोवती लाल वर्तुळं काढलेली. सगळे एकाच कोपऱ्यात. तो कोपरा काळाभोर, तिथे तेजस्वी ताऱ्यांची गर्दी नाही, म्हणून मंद ठिपके तिथेच दिसणार, असं ती सांगत होती, आणि ते पटण्यासारखंही होतं. बाईंनी ते अकराही जण पहिल्यांदाच एकत्र पाहिले. त्या हातातला डबा तसाच धरून बघत राहिल्या.

आकाशातले तारे कसेही पडतात. दोन खेटून, मग मैलभर ओसाड, मग चौघांचा घोळका. छत्तीस वर्षं बघून बाईंना हे पाठ होतं. इथे तसं नव्हतं. हे ठिपके एकमेकांना जागा देऊन बसले होते. धांदल चहा आणायला गेली तेव्हा बाईंनी चित्रावर डाव्या हाताची बोटं ठेवून पाहिली. खालची एक खेटलेली जोडी सोडली, तर प्रत्येकाचा जवळचा शेजारी दोन बोटांवर. छापील चित्रात सगळं पडद्यावरच्यापेक्षा निम्म्या आकाराचं होतं. म्हणजे पडद्यावर चार बोटं.

त्यांनी बोटं उचलली. धांदल दोन कप घेऊन आली, तेव्हा त्यांनी आपला कप घेतला आणि जागेवर जाऊन बसल्या. साडेपाचला घरी गेल्या.

घरी आल्यावर त्या मशीनपाशी बसल्या. ती अर्धी बाही त्यांनी घडी करून खणात ठेवली होती, ती काढून मांडीवर घेतली. आता सगळं कळत होतं. छत्तीस वर्षांत आठवणीत कोरा असा तेवढाच एक दिवस होता, आणि त्या नवव्या दिवशी त्यांनी खोटे तारे लावले होते. एरवी ते काम संगणक करतो, वाटेल तिथे विखरून टाकतो. त्या दिवशी त्यांनी एकेक करून, हाताने लावले होते, बटणं लावावीत तसे. नावाआधी 'खोटं' लिहायचं राहिलं, वहीत नोंद करायची राहिली, आणि ती जोडी खऱ्यांच्या साठ्यात जाऊन बसली. पुढे महिनाभरापूर्वी स्वतःच्याच हाताचे दहा ठिपके त्यांनी खरे म्हणून पास केले. देखणे का वाटणार नाहीत? आणखी महिन्याभराने त्या निवृत्त होणार होत्या. त्या बोलल्या नाहीत, तर हे कुणाला कळण्याचं काही कारण नव्हतं. निदान वर्ष-दोन वर्षं तरी नाही, आणि तोवर पोरगी कायम झालेली असती. बाईंनी हा विचार केला. केला नाही असं म्हणणं खोटं होईल. अगदी चहा निवेपर्यंत केला. मग पुढे कधीतरी कुणीतरी परका भर सभेत उभा राहून त्या पोरीला विचारेल, की हे ठिपके आले कुठून, आणि तिला उत्तर येणार नाही, हे त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. त्यांनी बाही पुन्हा खणात ठेवली.

मंगळवारी सकाळी त्यांनी धांदलीला बसवलं आणि सांगितलं. लांबण लावली नाही. तुझ्या अकरांतले बरेचसे मी लावलेले आहेत, तीन वर्षांपूर्वी, आणि नोंद करायची विसरले.

"किती, मावशी?"

"ते नाही आठवत गं. त्या दिवसाचं मला काहीच आठवत नाही. हाताला आठवतंय तेवढंच."

धांदल भिंतीवरच्या चित्राकडे वळली. मग ती म्हणाली की दोन दिवस उरलेत, मी बाबांना सांगितलंय, सगळ्यांना सांगितलंय, आणि तुम्ही हे आत्ता सांगताय. आवाज चढला नव्हता, पण बाईंना तो लागला. ती उठून गेली, या वेळी कुठल्याच टेबलाला न धडकता. डबा दुपारी तसाच राहिला. बाईंनीही खाल्लं नाही.

चार वाजता ती परत आली. डोळे सुजलेले. दुर्बिणीकडून आलेली मूळ जोडी, जिला कुणाचाच हात लागलेला नाही अशी, तिने तळाच्या साठ्यातून काढून आणली होती. खुर्ची ओढून ती बाईंच्या शेजारी बसली. मूळ चित्र आणि हे चित्र एकाआड एक दाखवायचं, एवढंच काम. पण तिचं बोट कळेवर अडलं होतं.

बाई म्हणाल्या, "थांब. आधी मी एक सांगते. खालचे ते दोघं बघ, खेटून आहेत. त्यांतला एक माझा नाही."

"कशावरून?"

"इतकं जवळ मी बटण लावेन का?"

धांदलीने कळ दाबली. पहिला ठिपका मूळ चित्रात नव्हताच. दुसरा नव्हता. तिसरा, चौथा, पाचवा, एकेक करून विझत गेले, आणि प्रत्येक वेळी बाई हळूच "माझा" म्हणत होत्या. नऊ गेले. मग खालची जोडी आली. त्यांतला गोल, देखणा होता तो गेला. शेजारचा ओबडधोबड, एका बाजूने विरलेला, ज्याला बाईंनी शंका दिली होती, तो मात्र तिथेच होता. दुसऱ्या छायाचित्रातही होता, गुच्छाबरोबर तेवढाच सरकलेला. दोघींनी तो पुन्हा पाहिला. मग पुन्हा पाहिला. धांदलीने बाईंच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडली, आणि बाईंनी तिला रडू दिलं. त्यांच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं, पण चष्मा काढून पुसायला हात मोकळा नव्हता.

गुरुवारी धांदलीने समितीपुढे सगळं जसं घडलं तसं सांगितलं. अकरा म्हणून आले होते, त्यांतले दहा आमच्याच चुकीने लागलेले खोटे, उरला एक, आणि एका ठिपक्यावरून मी मोठा दावा करणार नाही. तो काय आहे हे सांगताना ती म्हणाली, की ही तार काढलेली इस्त्री आहे, बारा अब्ज वर्षांपूर्वी तार काढलेली, आणि अजून कोमट. बाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. यजमानांची ती इस्त्री त्यांनी जेवताना कधीतरी धांदलीला सांगितली होती, पण ती इथे निघेल हे त्यांना अपेक्षित नव्हतं. समितीतल्या एका म्हाताऱ्या सदस्याने विचारलं, की ही चूक तुमच्या कुठल्या चाचणीत पकडली गेली. धांदल म्हणाली, आमच्या मावशींनी बोटं लावून पकडली. लोक हसले. म्हातारा हसला नाही, त्याने कागदावर काहीतरी टिपलं.

जागा तिला मिळाली नाही. ती दुसऱ्या कुणाला मिळाली आणि तो माणूसही काही वाईट नव्हता. पण त्या एका ठिपक्याकडे पुन्हा बघायला दुर्बिणीचा वेळ मंजूर झाला, आणि त्यासाठी धांदलीची मुदत दोन वर्षांनी वाढली. वडिलांना तिने स्वतः फोन केला. ते म्हणाले, खुर्ची काय, दोन वर्षं थांबेल, आणि मग बराच वेळ जेवणखाणाची चौकशी करत बसले.

बाईंच्या शेवटच्या दिवशी विभागप्रमुखांनी भाषण केलं, ते सोडून देऊ. सगळे पांगल्यावर धांदल कपाटातून खोट्यांची वही घेऊन आली. तीन वर्षांपूर्वीचं पान तिने उघडलं. दोन जुन्या नोंदींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, स्वतःच्या वाकड्यातिकड्या अक्षरात, तिने एक नवी ओळ घातली होती. तारीख संगणकातून शोधून काढलेली. छायाचित्राचं नाव, आता आधी 'खोटं' जोडलेलं. किती: दहा. कुणी लावले: मावशी. शेवटचा रकाना रिकामा होता.

"कशासाठी, ते तुम्हीच लिहा," ती म्हणाली. "मला माहीत नाही."

तिला माहीत नव्हतं, कारण बाईंनी नवव्या दिवसाबद्दल तिला कधी सांगितलंच नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. उभ्या होत्या त्या खुर्चीवर बसल्या, पेनाचं टोपण काढलं आणि वही जवळ ओढली. छत्तीस वर्षं त्या रकान्यात त्यांनी 'नजर तपासणी' किंवा 'नवीन माणसाची चाचणी' असंच काहीतरी लिहिलं होतं. या वेळी त्यांनी ठळक, सरळ अक्षरात लिहिलं:

"घरी बसवेना म्हणून."

धांदलीने ते वाचलं. मग तारीख पुन्हा वाचली, आणि बाईंचा हात हातात घेतला. शाई वाळेपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या, कारण वही लगेच मिटली असती तर ओळ फिसकटली असती.